तेलाची तेजी आणि गाठीचा पैसा

(वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)



शंभर वर्षांपूर्वी या भूमीत ज्यांनी रात्री ग्रंथ उघडले, त्यांनी ते दिव्याच्या उजेडात उघडले. त्या दिव्यात कधी खोबरेल असे, कधी उंडीचे तेल असे, आणि पुढे कंदिलातून घासलेट आले. खोबरेलाचा आणि उंडीच्या तेलाचा भाव गावातल्या झाडांवर अवलंबून होता. घासलेटाचा भाव मात्र समुद्रापलीकडच्या विहिरींवर अवलंबून होता, आणि तो कोण ठरवतो हे दिवा लावणाऱ्याला ठाऊक नव्हते. घासलेटाबरोबर जगाचा बाजार या गावांच्या घराघरांत शिरला. आज कंदील गेला असला तरी ते नाते गेलेले नाही, उलट शतपटीने घट्ट झाले आहे. भारताला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून आणावे लागते. त्यामुळे इराणच्या आखातात किंवा काळ्या समुद्राच्या काठी तोफ डागली गेली, की तिचा हादरा पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतल्या संसारांपर्यंत पोचतो.

हा हादरा केवळ पेट्रोल पंपावर जाणवतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः पंपावरचा दर हे त्याचे सर्वांत दिसणारे आणि म्हणूनच सर्वांत कमी फसवे रूप होय. जेथे तो दिसत नाही तेथेच त्याचा परिणाम अधिक खोल होतो. बँकेतली ठेव, भविष्यनिर्वाह निधी, विम्याची रक्कम, एखाद्या निवृत्त शिक्षकाने मुलीच्या शिक्षणासाठी घेऊन ठेवलेले शेअर, या सर्वांवर तेलाच्या भावाची सावली पडते. तेलाचे भाव चढू लागले की आणखी एक गोष्ट घडते. गाठीला चार पैसे असलेल्या माणसाला कोणीतरी येऊन सांगतो की आता तेलात, विजेत, नव्या ऊर्जेत पैसे घाला, हीच वेळ आहे. ती वेळ खरोखरच योग्य असते काय, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम हा भाव तिजोरीपर्यंत कसा पोचतो ते पाहिले पाहिजे. तेल डॉलरमध्ये विकत घ्यावे लागते. पिंपाचा भाव वाढला म्हणजे देशाला अधिक डॉलर मोजावे लागतात. डॉलरची मागणी वाढते, आणि रुपया उतरतो. रुपया उतरला की तेच पिंप रुपयांत आणखी महाग पडते. वाहतूक महागते, तिच्यामागून भाजी, मासळी, सिमेंट, खत अशी प्रत्येक वस्तू महागते. महागाईला आवर घालण्यासाठी रिझर्व्ह बँकेला व्याजाचे दर वाढवावे लागतात. व्याज वाढले की जुन्या कर्जरोख्यांची किंमत घसरते, कारण शंभर रुपयांवर सात रुपये देणारा जुना रोखा, आठ रुपये देणारा नवा रोखा बाजारात असताना, कोणी पुऱ्या शंभराला घेत नाही. ज्या कारखान्यांचा कच्चा माल तेलापासून निघतो, उदाहरणार्थ रंग, टायर, प्लास्टिक यांचे कारखाने, आणि ज्यांचे इंधन हाच मोठा खर्च असतो अशा विमान कंपन्या, यांचा नफा आटतो आणि त्यांचे शेअर उतरतात.

ही साखळी पुस्तकी नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि मार्च महिन्यात तेलाचा भाव काही काळ पिंपाला १३० डॉलरच्याही वर गेला. त्याच वर्षी रुपया डॉलरला ७४-७५ वरून ८२ च्या पलीकडे घसरला. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवघ्या नऊ-दहा महिन्यांत रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. त्या एका वर्षात ज्या कुटुंबाने घर बांधण्यासाठी बदलत्या व्याजाचे कर्ज घेतले होते, त्याच्या हप्त्यांत आखातातल्या पिंपाचाही वाटा होता.

याहून कठीण प्रसंग एका पिढीपूर्वी येऊन गेला. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळंकृत केले आणि पिंपाचा भाव दोन-अडीच महिन्यांत दुपटीच्या आसपास गेला. भारताची परकीय चलनाची गंगाजळी आधीच क्षीण झाली होती. १९९१ च्या उन्हाळ्यात ती जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. अडचणीत सापडलेले घर जसे शेवटी स्त्रीधनाला हात घालते, तसे देशाने सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे गहाण ठेवले. जुलै १९९१ मध्ये दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन झाले. पुढच्या आर्थिक सुधारणा, खुला बाजार, शेअर बाजारात उतरलेला मध्यमवर्ग, या साऱ्यांच्या मुळाशी इतर अनेक कारणांबरोबर तेलाचा तो तडाखाही होता.

मात्र गोव्याच्या बाबतीत तेलाच्या तेजीला दुसरेही एक तोंड आहे, आणि ते विसरल्यास चित्र अपुरे राहते. १९७३ च्या ऑक्टोबरातील अरब-इस्रायल युद्धानंतर पिंपाचा भाव सुमारे ३ डॉलरवरून वर्षाच्या अखेरीस ११ डॉलरच्या वर गेला. ज्या देशांकडे हा पैसा गेला, त्यांनी रस्ते, बंदरे, इस्पितळे, शहरे बांधायला काढली आणि त्यासाठी माणसे हवी होती. गोव्यातून आधीपासूनच आखातात जाणाऱ्यांची वाट होती, ती आता हमरस्ता झाली. कुवेत, बहारीन, दुबई, मस्कत ही नावे गोव्याच्या खेडोपाडी घरगुती झाली. मातीच्या भिंती जाऊन चिरेबंदी घर उभे राहिले, देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी आली, मुले महाविद्यालयात गेली, बँकांत ठेवी साठल्या. जो भाव मोटारसायकलच्या टाकीत बोचत होता, तोच भाव टपालाने येणाऱ्या धनादेशात सुखावत होता. आणि १९९० मध्ये एक लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी कुवेतच्या संकटातून सोडवून आणावे लागले, तेव्हा हे सुखही किती परस्वाधीन होते ते अनेक घरांनी एका रात्रीत अनुभवले. ठेवीचा उगम आणि महागाईचा उगम एकाच विहिरीत असावा, ही गोव्याची विशेष स्थिती होय.

आता प्रश्न असा, की तेल वाढत असताना ज्याने तेलाच्या कंपनीचा शेअर घेतला, त्याला तरी त्या वाढीचा लाभ निश्चित मिळतो काय? पहिल्या दर्शनी उत्तर होकारार्थी वाटते. अनुभव वेगळा आहे. भारतात तेल काढणारी कंपनी वेगळी, शुद्ध करणारी वेगळी, विकणारी वेगळी, आणि या तिघींच्या मधे सरकार उभे असते. भाव फार चढले की कोणतेही सरकार ग्राहकावर सारा बोजा टाकू धजत नाही. २००३-०४ नंतर सुमारे दहा वर्षे तेल व नैसर्गिक वायू महामंडळासारख्या उत्पादक कंपन्यांना आपले तेल विक्री कंपन्यांना सवलतीने द्यावे लागले. जगात भाव वाढत होता, तरी भागधारकाच्या हाती ती वाढ पुरी येत नव्हती. विक्री कंपन्यांचा तोटा भरून काढण्यासाठी २००५ ते २०१० या काळात सरकारने एक लाख कोटी रुपयांहून अधिक रकमेचे तेलरोखे काढले, म्हणजे आजच्या पेट्रोलची किंमत उद्याच्या करदात्याच्या नावावर लिहिली. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले. तरीही २०२२ मध्ये पंपावरचे दर रोखून धरण्यात आले आणि त्या वर्षीच्या एप्रिल ते जून या एका तिमाहीत तीन सरकारी विक्री कंपन्यांना मिळून १८ हजार कोटी रुपयांहून अधिक तोटा झाला. उलट बाजूने उत्पादक कंपन्यांच्या अनपेक्षित लाभावर १ जुलै २०२२ पासून विशेष कर बसला, तो डिसेंबर २०२४ मध्ये उठला. तात्पर्य, तेल तेजीत आहे म्हणून तेलाचा शेअर तेजीत राहील, हे अनुमान भोळेपणाचे आहे.

कराचे हे राजकारण पेडण्याच्या लोकांनी आपल्या सीमेवरच पाहिले आहे. एप्रिल २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर ०.१ टक्क्यावर आणला आणि दर लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरला. पत्रादेवीचा नाका ओलांडून बांदा-सावंतवाडीकडची वाहने टाकी भरून घेण्यासाठी पेडणे तालुक्यात येऊ लागली. पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, राज्याच्या उत्पन्नाचा मोठा झरा आटला, आणि पुढील वर्षांत हा कर टप्प्याटप्प्याने पुन्हा चढला. जगाचा भाव, सरकारची गरज आणि ग्राहकाचा खिसा हे तिन्ही एकाच पारड्यात कसे तोलले जातात, याचा हा धडा नाक्यावर उभे राहून शिकता येण्यासारखा होता.

खाणींचा उल्लेख आलाच आहे, तेव्हा डिचोलीकडे वळले पाहिजे. भूगर्भातल्या एका द्रव्याच्या भावावर सारा संसार टांगला म्हणजे काय होते, हे डिचोली तालुक्याला सांगावे लागत नाही. शिरगाव, मये, मुळगाव, पिळगाव, पाळी येथल्या डोंगरांतून लोहखनिज निघाले, टिप्परांतून सारमानस आणि आमोण्याच्या धक्क्यांवर गेले, तेथून बार्जींनी मांडवीतून मुरगावला आणि मुरगावहून जपान-चीनला. या साऱ्या प्रवासाचे इंधन डिझेल होते. २००३ नंतर चीनच्या पोलाद कारखान्यांची भूक वाढली आणि खनिजाचा भाव तेलाबरोबरच चढू लागला. २०१०-११ मध्ये गोव्याच्या खनिजाची निर्यात ४ कोटी टनांच्या वर गेली. गावोगावच्या तरुणांनी कर्जे काढून टिप्पर घेतले. बँका कर्जे देत होत्या, कारण भाव चढता होता. टिप्पर घेणाराही तेच पाहत होता.

१० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ५ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. टिप्पर अंगणात उभे राहिले आणि हप्ते मात्र चालू राहिले. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने बंदी उठवली. त्याच वर्षी खाणबंदीने ग्रस्त झालेल्या कर्जदारांसाठी सरकारला कर्जसवलतीची योजना आणावी लागली. ऑगस्ट २०१५ पासून खनिज पुन्हा निघू लागले, तोवर २०११ मध्ये टनाला १९० डॉलरच्या आसपास असलेला उच्च प्रतीच्या खनिजाचा भाव कोसळत होता. डिसेंबर २०१५ मध्ये तो ४० डॉलरच्या खाली गेला. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले आणि मार्चमध्ये पुन्हा सारे थांबले. डिसेंबर २०२२ मध्ये लिलावाने जे पहिले चार पट्टे दिले गेले, त्यांतले तीन डिचोली तालुक्यातले. खाणीच्या कायदेशीरपणाचा आणि पर्यावरणाचा प्रश्न महत्त्वाचा आहे, तथापि तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय होय. येथे लक्षात घ्यायचे ते इतकेच, की भाव शिखरावर असताना घेतलेले कर्ज भाव तळाशी गेल्यावरही तितकेच राहते.

खनिज आणि तेल यांची गाठ डिचोलीच्या बाबतीत आणखी एका चमत्कारिक रीतीने पडली. सेसा गोवा ही १९५४ साली, पोर्तुगीज अमदानीत, इटालियन भांडवलाने सुरू झालेली खाण कंपनी. ती १९९६ मध्ये जपानच्या मित्सुईच्या आणि २००७ मध्ये वेदान्त समूहाच्या ताब्यात गेली. राजस्थानातील बाडमेरच्या वाळवंटात मंगला नावाचे मोठे तेलक्षेत्र २००४ मध्ये सापडले होते आणि केर्न इंडियाने तेथून ऑगस्ट २००९ मध्ये उत्पादन सुरू केले होते. २०१० मध्ये वेदान्त समूहाने ही कंपनी घेण्याचा बेत जाहीर केला आणि डिसेंबर २०११ मध्ये व्यवहार पुरा झाला तेव्हा केर्न इंडियाचा सुमारे एक-पंचमांश हिस्सा सेसा गोव्याच्या नावावर आला. ज्याने गोव्याच्या लोहखनिजावर विश्वास ठेवून शेअर घेतला होता, तो एका दिवशी राजस्थानच्या तेलाचा भागीदार झाला.

प्रारंभी हे दैवाचे देणे वाटले. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, तेव्हा कंपनीच्या ताळेबंदाला तेलातल्या हिश्शानेच आधार दिला. २०१३ मध्ये विलीनीकरण होऊन कंपनीच्या नावातून गोवा गेला आणि २०१५ मध्ये ती वेदान्त लिमिटेड झाली. पण मध्यंतरी, २०१४ च्या उत्तरार्धात, तेलाचा भाव ढासळू लागला होता. अमेरिकेने खडकांतून तेल काढण्याचे नवे तंत्र साधले, जगात तेल उदंड झाले, आणि १०० डॉलरच्या वर असलेले पिंप जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरच्या खाली आले. २०१५ मध्येच कंपनीला या तेलव्यवसायाच्या पुस्तकी मूल्यात हजारो कोटी रुपयांची घट दाखवावी लागली. खनिजातून तेलात गेलेल्या भागधारकाला वाटले होते की आपण दोन वेगळ्या नावांवर पाय ठेवून आहोत. प्रत्यक्षात दोन्ही नावा एकाच भरतीवर चढल्या होत्या आणि एकाच ओहोटीत गाळात रुतल्या. गुंतवणूक विभागावी हा सल्ला रास्त आहे, पण ती नुसती वेगळ्या नावांत विभागून भागत नाही. तिची कारणेही वेगळी असावी लागतात.

तेलाचा भाव असा चढून पडतोच का? याचे कारण भावातच दडलेले आहे. भाव वाढला की आजवर न परवडणाऱ्या जागी विहिरी खणणे परवडू लागते आणि लोकही वापर कमी करण्याचे मार्ग शोधतात. १९७३ नंतर उत्तर समुद्र आणि अलास्का येथले तेल जगाच्या बाजारात आले. भारतातही १९७४ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात सागर सम्राट या नौकेवरून बॉम्बे हायचे तेल सापडले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. १९७९ च्या इराणी क्रांतीनंतर पिंप ३० डॉलरच्या वर गेले होते. १९८६ मध्ये ते १० डॉलरच्या आसपास आले. जुलै २००८ मध्ये १४७ डॉलरला पोचलेले पिंप त्याच वर्षाच्या डिसेंबरात चाळिशीच्याही खाली होते. खाणीला, विहिरीला, वीज प्रकल्पाला उभे राहायला पाच-सात वर्षे लागतात. म्हणून तेजीत घेतलेला निर्णय पुष्कळदा मंदीत फळतो, आणि मंदीत कोणी नवे काही काढीत नाही म्हणून पुढची तेजी शिजते.

या चक्रात सामान्य गुंतवणूकदार कोठे सापडतो, हे २००८ च्या जानेवारीने दाखवले. २ जानेवारीला तेलाने प्रथमच १०० डॉलरला स्पर्श केला. सारे जग ऊर्जेविषयी बोलत होते. त्याच महिन्यात रिलायन्स पॉवर या कंपनीचे शेअर ४५० रुपये भावाने विक्रीस आले. तिचे बहुतेक वीज प्रकल्प अद्याप कागदावर होते, तरी अर्जांचा महापूर आला. ११ फेब्रुवारीला शेअर बाजारात नोंदला गेला त्याच दिवशी तो ४५० च्या बराच खाली बंद झाला. पुण्यात मुख्यालय असलेल्या, पवनचक्क्या बांधणाऱ्या सुझलॉन कंपनीचा शेअरही त्याच जानेवारीत शिखरावर होता. पवनचक्क्या खऱ्या होत्या, वाराही खरा होता, पण परदेशी कंपनी घेण्यासाठी केलेले कर्ज डोईजड झाले आणि २०१२ मध्ये विदेशी रोख्यांची परतफेड करणे कंपनीला जमले नाही. शेअरने आपले नव्वद टक्क्यांहून अधिक मोल गमावले. ऊर्जेची गरज खरी असणे आणि त्या गरजेसाठी मोजलेला भाव रास्त असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

सट्ट्याचा मार्ग तर याहून निसरडा. २० एप्रिल २०२० रोजी महामारीने जग ठप्प झाले असताना न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात तेलाचा भाव उणे ३७.६३ डॉलरवर स्थिरावला, म्हणजे तेल नेणाऱ्यालाच पैसे द्यायची पाळी आली. मुंबईच्या वायदे बाजारातला व्यवहारही पिंपाला उणे २,८८४ रुपये या दराने मिटवण्यात आला. शून्याखाली भाव जाणार नाही, या भरवशावर स्वस्त तेल घेतलेल्यांची सारी रक्कम गेली आणि वर देणेही झाले.

तेलाच्या भावावर आधारलेल्या गुंतवणुकीचा सर्वांत मोठा धडा मात्र याच कोकण किनाऱ्यावर, पेडण्याच्या उत्तरेस गुहागर तालुक्यात घडला. दाभोळच्या वीज प्रकल्पाचा करार १९९३ मध्ये अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीच्या पुढाकाराने झाला, १९९५ मध्ये तो मोडला आणि १९९६ मध्ये पुन्हा जुळला. पहिल्या टप्प्याची ७४० मेगावॅट वीज मे १९९९ मध्ये सुरू झाली, आणि ती नाफ्था या तेलजन्य इंधनावर होती. इंधनाचा खर्च आणि डॉलरचा दर हे दोन्ही ग्राहकाच्या माथी होते. १९९९ च्या आरंभी पिंप १०-१२ डॉलरला होते, २००० मध्ये ते ३० च्या वर गेले. महाराष्ट्र राज्य वीज मंडळाला ही वीज परवडेना, २००१ मध्ये खरेदी थांबली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात खुद्द एन्रॉन दिवाळखोरीत गेली. माधव गोडबोले समितीने या कराराची कठोर चिकित्सा केली. प्रकल्पाला कर्जे देणाऱ्यांत भारतातल्या मोठ्या वित्तसंस्था व बँका होत्या, म्हणजे अंतिमतः ठेवीदारांचाच पैसा होता. ज्याने दाभोळचे नावही ऐकले नव्हते, त्याच्या ठेवीचाही अंश त्या धुराड्यात अडकलेला असू शकत होता.

याच्या अगदी उलट उदाहरण पेडण्याच्या डोंगराखालून जाते. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झाले. केंद्र सरकार आणि महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ या चार राज्यांनी भाग घेतले व उरलेला मोठा पैसा कर्जरोख्यांतून जनतेकडून उभा केला. सुमारे ७४० किलोमीटरच्या या मार्गाने शेवटी अडवणूक केली ती पेडण्याच्या बोगद्याने. तेथली भुसभुशीत, पाणी प्यालेली माती पुनःपुन्हा ढासळली, कामगारांचे बळी गेले, आणि त्या एका टेकडीने सारा मार्ग खोळंबून राहिला. २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावर प्रवासी गाडी धावली. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९९९ मध्ये, कोलाड ते वेर्णे अशी भरलेले ट्रकच आगगाडीवर चढवून नेण्याची सेवा सुरू झाली. जो ट्रक घाटांतून डिझेल जाळीत गेला असता, तो गाडीवर बसून गेला. २०२२ मध्ये संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण पुरे झाले.

या रेल्वेने कोणाला रातोरात श्रीमंत केले नाही. उलट पहिली अनेक वर्षे ती कर्जाच्या व्याजाखाली वाकलेली होती. तिची वीज अजून मोठ्या प्रमाणात दगडी कोळशाची आहे, हेही मान्य केले पाहिजे. पण तेल चढले तर तिचे मोल वाढते, आणि तेल पडले तरी ती निरुपयोगी ठरत नाही. आमोण्याच्या कच्च्या लोखंडाच्या कारखान्यात कोकभट्ट्यांची वाया जाणारी उष्णता वापरून वीज केली जाते, तीही याच जातीची गुंतवणूक. ऊर्जेतल्या गुंतवणुकीची खरी कसोटी हीच होय: भाव निम्मा झाला तर ती उभी राहील काय? पेडणे तालुक्यातच मोपा येथे जानेवारी २०२३ पासून मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आहे. विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा सर्वांत मोठा असतो, म्हणून तेल चढले की तिकीट चढते आणि पर्यटक मोजूनमापून येतो. त्या विमानतळाच्या भोवती जे हॉटेल बांधतील, मोटारी घेतील, दुकाने काढतील, त्यांनी ही कसोटी आधी लावून पाहणे हिताचे ठरेल. डिचोलीच्या टिप्परांची गोष्ट शेजारच्याच तालुक्यातली आहे.

सामान्य कुटुंबाने मग काय करावे? त्याने सूर्य विकत घ्यावा, असे सध्या सांगितले जाते. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२४ च्या योजनेनुसार घराच्या छपरावर ३ किलोवॅटचा सौरसंच बसवल्यास ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. ही गुंतवणूक चांगली आहे, पण तिचाही हिशेब मांडला पाहिजे. गोव्यात घरगुती वीज तुलनेने स्वस्त आहे, त्यामुळे घातलेला पैसा सुटायला अधिक वर्षे लागतात, आणि पावसाळ्याचे चार महिने सूर्याचे दर्शन दुर्मीळ असते. तरीही तिचे उत्पन्न घरातल्या दिव्याच्या रूपाने रोज दिसते, कोणाच्या जाहिरातीवर विसंबत नाही, आणि होर्मुझच्या सामुद्रधुनीत जहाजे अडली म्हणून थांबत नाही. ज्यांना शेअर वा म्युच्युअल फंडच घ्यायचे आहेत, त्यांनी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर तेलाची तेजी छापून आली की त्या दिवशी घाई करू नये. ती बातमी जेव्हा वाचकापर्यंत पोचते, तेव्हा ती भावात आधीच मिसळलेली असते. आखातातून आलेला पैसा पुन्हा आखाताच्याच भावाशी बांधून ठेवणे तर अधिकच अविचाराचे. कमावता हात आणि साठवलेला पैसा, दोघेही एकाच दिवशी रिकामे व्हावेत, असा प्रसंग त्यातून ओढवतो.

शेवटी एक गोष्ट या वाचनालयासंबंधी. बाजाराची स्मृती अल्प असते. दर तेजीत सांगितले जाते की या वेळी गोष्ट निराळी आहे, आणि ऐकणाऱ्याला मागची वेळ आठवत नसते. १९७४, १९८०, १९९०, २००८, २०२२ या वर्षांची वर्तमानपत्रे एकापुढे एक मांडली, तर मथळे जवळजवळ तेच दिसतील आणि त्यापुढील दोन-चार वर्षांतले मथळेही तेच दिसतील. कोणत्याही दलालाकडे हा संग्रह नसतो. तो वाचनालयात असतो. गावातल्या एखाद्या माणसाने घाम गाळून साठवलेला पैसा कोठेतरी घालण्यापूर्वी एक दुपार त्या जुन्या पानांजवळ काढली, तर या संस्थेने शंभर वर्षे जतन केलेल्या कागदाचे त्याच्या घरापुरते तरी सार्थक होईल.